डोक्यावरचं लाकूड, पायाखालचं लाकूड

धाकट्याने पुण्यात फ्लॅट घेतला. ताबा मिळाला तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे, फ्लोअरिंग. दिवाळीत ते सगळे माकणीला आले तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर सूनबाईने पिशवीतून लाकडाचे पाच तुकडे काढले आणि ओसरीवर ओळीने मांडले. प्रत्येक तुकडा वीतभर लांब, मागे चिठ्ठी चिकटवलेली. "आई, तुम्ही सांगा. बेडरूमला कुठलं घेऊ?"

आता मी काय सांगणार? माझा जन्म शेणाने सारवलेल्या भुईवर, शिक्षण शहाबादी फरशीवर आणि नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या उखडलेल्या कोब्यावर! पण आणखी एक गोष्ट सूनबाईने सांगितली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दुकानातला मुलगा त्यांना म्हणाला म्हणे, "मॅडम, वुडन फ्लोअरिंग आपल्या परंपरेतच आहे, जुन्या वाड्यांमधून सगळीकडे होतं."

होतं का? होतं, आणि नव्हतंही. तेच आज लिहायला बसले आहे. विषय लांबणार, आधीच सांगून ठेवते.

१९७२ च्या दुष्काळाच्या साली लग्न होऊन मी माकणीत आले. घर पाच खणांचं, माळवदाचं. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पाल्याचा किंवा काटक्यांचा थर आणि त्याच्यावर पांढरी माती. किती? फूट, दीड फूट, कुठे दोन फूटसुद्धा. दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला आणखी चार पाट्या पडायच्या. जुनी काढायची मात्र कुणी नाही! सभोवती दगडमातीच्या भिंती, दोन-अडीच हात रुंद. हे झालं माळवद. खालच्या माणसाला ते छप्पर आणि वरच्याला जमीन. उन्हाळ्यात आम्ही सगळे त्या जमिनीवरच झोपायचो. पापड, कुरडया, तूर, मिरच्या सगळं तिथे वाळायचं. माहेरवाशिणींच्या मध्यरात्रीपर्यंतच्या गप्पाही तिथेच.

म्हणजे लाकडी जमीन आमच्याकडे होतीच की, फक्त लाकडाला पाय लागत नव्हता. मध्ये मातीचा थर होता. माडीचंही तेच. आमच्या माडीला फळ्यांची तक्तपोशी होती, पण तिच्यावर माती टाकून, चोपून, सारवलेलं. मोठ्या वाड्यांतूनही वरच्या मजल्यांवर फळ्यांवर माती नाहीतर चुना असाच प्रकार पुष्कळ ठिकाणी होता. उघड्या लाकडाला पाय लागायचा तो जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि बूड टेकायचं ते पाटावर. जेवायला बसताना माणशी दीड फूट लाकूड, एवढंच आमचं वुडन फ्लोअरिंग. थंडीत सारवलेली भुई गार पडायची तेव्हा त्या दीड फुटाची किंमत कळायची.

आमचं घर मामंजींच्या वडिलांनी बांधलेलं. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली, त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतलं हे काम, असं मामंजी सांगायचे. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. सागाची चांगली जंगलं त्याच राज्यात आदिलाबादकडे होती. मोठं लाकूड लातूरच्या वखारीतून घेतलं आणि बैलगाड्यांनी आणलं. एकेका तुळईला दोन गाड्या जोडून. खांब आणि तुळया सागाच्या. कड्या मात्र गावच्याच, कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या. बाभूळ ताकदीला खंबीर, पण वाकडी आणि भुंगा लवकर धरणारी. म्हणून तोडल्यावर ती चार-सहा महिने विहिरीत नाहीतर तळ्यात बुडवून ठेवायची, मग वापरायची. कडुनिंबाला कडूपणामुळे वाळवी सहसा शिवत नाही, पण तो वाळताना पिळतो. सागाचं वैशिष्ट्य असं की त्याच्या अंगातच तेल असतं. वाळवीला ते आवडत नाही, पाणी चटकन शिरत नाही, आणि ऋतू बदलला तरी लाकूड फार फुगत-आखडत नाही. सुताराला हे सगळं पाठ. कुठलं लाकूड ओझं घेईल, कुठलं ओल सोसेल, कुठलं नुसतं दिसायला चांगलं, हे तो टिचकी मारून सांगायचा. दुकानातल्या तुकड्यांच्या मागच्या चिठ्ठ्या म्हणजे त्या टिचकीचीच पुढची आवृत्ती म्हणायची.

सागाच्या या गुणांवर एकेकाळी समुद्र चालत होता. ओक लाकडात आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे खातात. सागात तो त्रास नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागाची जहाजं म्हणून तर इंग्रजांच्या आरमाराने घेतली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं, मलबारच्या सागाचं. आज दोनशे वर्षांनी ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. 'कॉर्नवॉलिस' हे दुसरं, त्याच्यावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. म्हणजे चीनचा माज उतरवणारी सही मुंबईत बांधलेल्या जहाजावर झाली! (दहावीच्या मुलांना हे सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा जागे व्हायचे.) जहाजाचा डेक ही मात्र खरी उघडी लाकडी जमीन. पुढे मलबारचा साग पुरेना, तेव्हा इंग्रजांची नजर ब्रह्मदेशाकडे गेली. मुंबईत १८६३ साली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघाली आणि 'बर्मा टीक' हा शब्द आपल्याकडे बोलीत रुजला. साहेबाच्या बंगल्यात उघड्या फळ्यांवर बूट वाजायला लागले आणि लाकडी जमीन ही बड्या माणसाची खूण झाली. साहेब बूट काढत नाही, म्हणून त्याला लाकूड चालतं. आपण अनवाणी, आपल्याला सारवलेलं चालतं. हे माझं मत, पुस्तकात शोधू नका.

शनिवारवाड्याचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायची. साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. १७३२ साली वास्तुशांत झाली. १८२८ साली आग लागली आणि वरचं सगळं लाकूडकाम गेलं, खालची दगडी जोती राहिली. लाकूड जळतं, दगड टिकतो, असं मी मुलांना सांगायची. वीस वर्षं सांगितलं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं. चारला पाच मिनिटं कमी असतील. त्यानंतरचं फार लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. किल्लारीचा भूकंप म्हणून तो जगात ओळखला जातो, पण आमच्या शेजारचं सास्तूर जमीनदोस्त झालं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माकणीचं निम्न तेरणाचं धरण चारच वर्षांपूर्वी पुरं झालेलं. या पाण्यानेच भूकंप आणला असं लोक कितीतरी दिवस बोलत होते आणि शास्त्रज्ञही त्यावर भांडत होते. आमच्या घराची पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला पडली, ओसरीची आत. मामंजी ओसरीत निजले होते, त्यांच्या पायावर दगड आले. ते पुढे शेवटपर्यंत लंगडत चालले. बाकी आम्ही सगळे वाचलो. शाळा पुन्हा भरली, पत्र्याच्या शेडमध्ये, तेव्हा हजेरी घेताना काही नावांपाशी मी थांबायची. पुढच्या महिन्यात नवीन हजेरीपट केला.

उजाडल्यावर आम्ही अंगणातून घराकडे पाहिलं तर दोन भिंती नव्हत्या, आणि माळवद जागच्या जागी होतं. खांब थोडे कलले होते. तुळया, कड्या, फळ्या, वरची माती, तिच्यावर वाळत घातलेली उडदाची डाळ, सगळं तसंच. आतला देव्हारा लांबूनच दिसत होता, नाटकाच्या स्टेजवर दिसावा तसा.

हे असं का झालं ते नंतर तपासणीला आलेल्या इंजिनिअर लोकांनी समजावून सांगितलं. आमच्या घरात माळवदाचा भार खांबांवर होता, भिंती नुसत्या आडोशाला. दगडमातीची भिंत ही खरं तर दोन पातळ भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोघींना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरा बसला की त्या एकमेकींपासून फुटतात. लाकडाच्या सांगाड्याला मात्र थोडं झुलता येतं. अर्थात सगळीच माळवदं राहिली नाहीत. जिथे खर्च वाचवायला खांब घातले नव्हते आणि तुळया थेट भिंतींवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर सगळं खाली आलं. त्यातल्या एकाने मला खडूने जमिनीवर हिशेब करून दाखवला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, घनफुटाला ४५ किलो धरले तरी पावणेसात टन. एवढं ओझं आपण डोक्यावर घेऊन झोपत होतो! मी गणिताची बाई नाही, पण तो हिशेब मला अजून पाठ आहे.

बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवली, आणि इतर गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला. माहितीपत्रकं आली, मी स्वतः ती ग्रामपंचायतीसमोर वाचून दाखवली. माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोका, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सांधे घाला. लाकूड काढा असं कुठेच लिहिलं नव्हतं. पण माणसाच्या मनात भीती बसली की ती पत्रक वाचत नाही. दगड नको, माती नको, माळवदही नको. सिमेंटचा स्लॅब, नाहीतर पत्रा. गावोगाव माळवदं उतरू लागली आणि ट्रक घेऊन लाकडाचे व्यापारी फिरू लागले.

१९९४ च्या उन्हाळ्यात आमच्या दारातही एक आला. विकायला मामंजी तयार नव्हते. खाटेवर बसून म्हणाले, "लाकडानं काय केलंय गं बाई? ते उभंच हाय की अजून." ह्यांचं मन दोन्हीकडे होतं. मीच हट्ट धरला. पत्रक वाचून दाखवणारी मीच, आणि घरी येऊन "मला या छपराखाली लेकरं झोपवायची नाहीत" म्हणणारीही मीच. पाच खणांचं सगळं लाकूड, तुळया धरून, चौदा हजारांना गेलं. मोजणी नाही, मापं नाही, ढीग बघून किंमत. मामंजींनी त्या दिवशी जेवण केलं नाही. एवढंच केलं की ट्रकमध्ये भरलेल्या दोन फळ्या परत उतरवून घेतल्या.

असो. आता सूनबाईच्या पाच तुकड्यांकडे येते.

पहिला तुकडा लॅमिनेटचा. दिसायला सगळ्यांत चकचकीत, पण हे लाकूड नाही, लाकडाचा फोटो आहे. लाकडाचा भुसा दाबून पाटी करायची, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि वर टणक पारदर्शक थर. १९७७ साली स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने हे काढलं. ओरखडे कमी पडतात, स्वस्त पडतं, पण सांध्यातून पाणी गेलं की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. घासून नवं करता येत नाही, फोटो कसा घासणार? आपल्याकडे बादलीभर पाणी घेऊन फरशी पुसायची सवय. कामाला येणाऱ्या बाईला "कोरडं पुस" म्हणून सांगा आणि आठवड्याने बघा.

दुसरा इंजिनिअर्ड लाकडाचा. वर तीन-चार मिलिमीटर खराखुरा साग, खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायसारखे थर. लाकूड फुगतं-आखडतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाही. थर आडवे-उभे घातल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. आमचा सुतार फळी लावताना फट सोडायचा तीच ही युक्ती, फक्त कारखान्यात केलेली. वरचा थर जाड असेल तर एक-दोनदा घासून पॉलिश करता येतं.

तिसरा बांबूचा. बांबू हे लाकूड नाही, गवत आहे, पण तंतू दाबून केलेली पट्टी सागापेक्षाही टणक होते. नव्या संसद भवनात, २०२३ साली उघडलं ते, त्रिपुरातल्या बांबूची जमीन आहे आणि साग आपल्या नागपूरचा. त्रिपुराची जमीन आणि विदर्भाचा साग एका छपराखाली आलेला वाचून मला बरं वाटलं होतं.

चौथा भरीव साग, पाऊण इंच जाड. चांगलाच. पण म्यानमारने २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय आणि बाजारात येतो तो पुष्कळसा आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला. लवकर वाढवून लवकर तोडलेल्या झाडात पिवळट कोवळं लाकूड जास्त आणि पिकलेला गाभा कमी. तुकडा उलटा करून कडेला पाहा, गाभ्याचा तपकिरी रंग किती आणि फिकट पट्टा किती ते दिसतं. नुसत्या नावाला पैसे देऊ नका.

पाचवा तुकडा मी बराच वेळ हातात धरून बसले. गडद, जड, रेषा अगदी जवळजवळ. एका टोकाला भोक, लाखेने बुजवलेलं. भोक चौकोनी होतं. कारखान्याचा खिळा गोल असतो, चौकोनी असतो तो लोहाराने ठोकलेला. चिठ्ठीवर छापलं होतं, 'जुन्या वाड्याचे सागवान'. सूनबाई म्हणाली, "हे सगळ्यात महाग आहे आई, एका खोलीचेच दीड लाखाच्या वर सांगितले. पण कसलं सुंदर आहे ना? तो म्हणत होता, हा माल मराठवाड्यातून येतो."

हे काही आमचंच लाकूड असेल असं मी म्हणत नाही. तीस वर्षांत किती घरं उतरली असतील, किती वखारी झाल्या असतील. पण धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ट्रकच्या मागे वेशीपर्यंत पळत गेला होता. सूनबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री तिला सगळं सांगितलं, मामंजी काय म्हणाले तेसुद्धा.

सकाळी तिनेच विचारलं, "मग तेच घेऊया का?" तिला वाटलं मला आनंद होईल. मी नको म्हणाले. ज्या लाकडाने आमच्या डोक्यावरचं पावणेसात टनांचं ओझं त्या पहाटे धरून ठेवलं, ते मी पायाखाली घालणार नाही. तुळई म्हणून कुठे लावणार असाल, दाराची चौकट करणार असाल तर घ्या, दीड लाख माझ्या पेन्शनमधून देते. फ्लॅटमध्ये तुळई कुठे लावणार? हसली बिचारी.

शेवटी दुसरा तुकडा ठरला, इंजिनिअर्ड सागाचा, तोही फक्त दोन बेडरूमना. वरचा थर चार मिलिमीटरचाच घ्या, भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडायला सांगा, आणि खाली स्लॅबला ओल नाही ना ते आधी बघा, एवढं मी बजावलं. हॉल आणि स्वयंपाकघराला साध्या टाइल्स. पाणी सांडणारं घर आहे.

मामंजींनी उतरवून घेतलेल्या त्या दोन फळ्यांचे गावच्या सुताराने चार पाट करून दिले होते. दोघांना खालून अजून चुलीच्या धुराचा काळा रंग आहे, तो मी घासू दिला नाही. त्यातले दोन आता पुण्याला जाणार आहेत. नातीने आधीच एकावर हक्क सांगितलाय. सूनबाई म्हणते, नव्या जमिनीवर पाट सरकवला तर ओरखडे पडतील, खालून फेल्टच्या गोल टिकल्या लावू. लावा म्हटलं. मामंजी असते तर म्हणाले असते, लाकडानं काय केलंय.